गिनीपिगला लंघन सोसत नाही

पोट बिघडले की लंघन, ही आपल्याकडच्या घरांतली फार जुनी रीत आहे. मुलाला जुलाब झाले, आजोबांना अजीर्ण झाले, तर एक वेळचे जेवण टाळावे, कोमट पाणी प्यावे, फार तर भाताची पेज घ्यावी आणि आतड्यांना विसावा द्यावा. माणसाच्या बाबतीत ही रीत बहुतेक वेळा निभावून नेते. मात्र मुलांच्या हट्टापायी अलीकडे पुष्कळ घरांत एक लहानसा, गुबगुबीत, शिट्टी मारणारा प्राणी येऊन राहिला आहे. त्या गिनीपिगला हीच रीत लावली, तर ती त्याच्या जिवावर बेतते. सकाळी त्याने गवताला तोंड लावले नाही, अंगावरचे केस पिंजारून तो कोपऱ्यात बसून राहिला, तर घरातले एखादे जाणते माणूस सहज म्हणून जाते, "राहू दे त्याला आज उपाशी, पोट आपोआप ताळ्यावर येईल." संध्याकाळपर्यंत तो तसाच असतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची शोधाशोध सुरू होते आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. कोणी त्याचा छळ केलेला नसतो. जी दया समजून केली, तीच त्याला नडलेली असते.

असे का व्हावे, हे त्याच्या पोटाच्या रचनेत दडले आहे. नावात 'पिग' असला तरी डुकराशी त्याचे काही नाते नाही. उंदीर, खार, साळिंदर यांच्या गणातला, म्हणजे कुरतडणाऱ्या दातांचा, हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले. युरोपात तो सोळाव्या शतकात पोहोचला. त्याचे रानटी भाईबंद आजही दिवसाचा मोठा भाग गवत चघळण्यात घालवतात. चिवट, कस कमी असलेले गवत थोडे थोडे पण अखंड खात राहायचे आणि त्यातून जगण्यापुरते सत्त्व काढायचे, असा त्याच्या शरीराचा बेत आहे.

हा बेत सिद्धीस नेणारा अवयव म्हणजे उंडुक. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते, तिथली ही पिशवी. माणसाच्या शरीरात ती लहानशीच असते. गिनीपिगच्या साऱ्या अन्नमार्गात जेवढे अन्न असते, त्यातला सुमारे ६५ टक्के भाग मात्र एकट्या उंडुकात साठलेला असतो. तिथे असंख्य सूक्ष्मजीव गवताचा चोथा आंबवतात आणि त्यातून निघालेल्या मेदाम्लांवर या प्राण्याची बरीचशी गुजराण होते. गाय रवंथ करून गवताचे दुसऱ्यांदा पचन करते; गिनीपिगची तऱ्हा वेगळी. उंडुकातून आलेल्या मऊ गोळ्या तो बाहेर पडतानाच तोंडाने उचलून पुन्हा खातो. पाहणाऱ्याला किळस वाटते आणि तो 'घाण खातो' म्हणून त्याला दटावणारी माणसेही भेटतात. त्यात घाण काहीच नाही. ब गटातली जीवनसत्त्वे आणि काही प्रथिने त्याला याच वाटेने मिळतात. त्याला तसे करू द्यावे.

या यंत्राला पुढे ढकलतात ते गवताचे लांब, राठ तंतू. मागून नवे गवत येत राहिले, तरच आतले पुढे सरकते. खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि आतला चोथा सुकतो; आंबण्याची क्रिया मात्र चालूच राहते, त्यामुळे वायू साठतो. वायूने पोट दुखते, पोट दुखते म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आतडी आणखी थंडावतात. त्यातच उपाशी शरीर साठवलेली चरबी वापरायला काढते आणि तिचा भार यकृतावर पडतो. लठ्ठ प्राण्यात हा धोका अधिक. शिवाय गिनीपिगला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात चुकीचे गेलेले वरच्या वाटेने बाहेर पडण्याची सोय नाही. म्हणून बारा तास काहीही न खाल्लेला गिनीपिग हा तातडीचा रुग्ण समजावा. माणसाला बारा तास म्हणजे रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या न्याहारीपर्यंतचा काळ. या प्राण्याला तो फार लांबचा पल्ला आहे.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांतही पिंजऱ्यातले गवत रात्रभर तसेच राहू द्यावे, ते याचसाठी. तो रात्रीही मधून मधून उठून खातो.

आजार लवकर ओळखणे हीच खरी कठीण गोष्ट आहे. उघड्या माळावर दुखणाईत दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरतो, त्यामुळे गिनीपिग दुखणे शेवटपर्यंत लपवतो. तरीही लक्ष देणाऱ्याला खुणा सापडतात. फ्रिजचे दार उघडले किंवा प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळली की निरोगी गिनीपिग शिट्टी मारून घर डोक्यावर घेतो. एखाद्या सकाळी ती शिट्टी आली नाही, तर जाऊन पाहावे. पाठीला कुबड काढून बसणे, डोळे अर्धवट मिटणे, दात करकर वाजवणे, आवडीची कोथिंबीर हुंगून सोडून देणे, या सगळ्या पोटदुखीच्या खुणा आहेत. कान हाताला थंड लागत असतील, तर प्रकृती बरीच ढासळली आहे असे समजावे.

पण सर्वांत खरे बोलतात त्या लेंड्या. निरोगी गिनीपिग दिवसाला शंभराहून अधिक लेंड्या टाकतो. त्या तपकिरी, लांबट, दोन्ही टोकांना गोलसर आणि जवळजवळ एकसारख्या असतात. त्या लहान, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या होऊ लागल्या किंवा त्यांची संख्या घटली, तर आतड्यांची गती कमी झाली आहे. त्या चिकटून गोळे होऊ लागले, मऊ पडले, तर आहारात काही बिघडले आहे. पिंजरा झाडताना केर न पाहता टाकून देणारा माणूस त्या दिवसाचा अहवालच फेकून देत असतो. दुसरे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. मोठ्या गिनीपिगचे वजन साधारणतः ७०० ते १२०० ग्रॅम असते. दर आठवड्याला ठरलेल्या वारी त्याला टोपलीत बसवून वजन करावे आणि वहीत लिहावे. किलोभर वजनाच्या प्राण्यात आठवड्यात पन्नास ग्रॅमची घट दिसली तर रोज वजन करावे. शंभर ग्रॅमची दिसली तर डॉक्टर गाठावा. अंगावरच्या दाट केसांमुळे तो हडकला आहे हे नजरेला उशिरा कळते, काट्याला आधी.

आता बिघाडाचे प्रकार. लेंड्या नुसत्या मऊ पडल्या आहेत, प्राणी हुशार आहे, गवत खातो आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. एक-दोन दिवस पालेभाजी, फळ आणि दुकानातले दाणेदार खाद्य बंद करावे. सुके गवत आणि स्वच्छ पाणी भरपूर ठेवावे. भाजीचे लंघन त्याला चालते, गवताचे नाही. या काळात क जीवनसत्त्व मात्र गोळीच्या रूपाने चालू ठेवावे. ते का, हे पुढे येईलच. दोन दिवसांत लेंड्या सुधारल्या नाहीत, तर ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घालून तपासणीसाठी न्याव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यातले परजीवी दिसू शकतात आणि त्यांवर औषध आहे.

पाण्यासारखे जुलाब ही गोष्ट वेगळी. एवढ्याशा देहातले पाणी काही तासांत आटते, पिल्लांचे तर त्याहून लवकर. अशा वेळी घरी काही करून पाहण्यात वेळ घालवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोवर पार्श्वभाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करावा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ओल्या, घाणेरड्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि पाहता पाहता अळ्या होतात.

तिसरा प्रकार पोटफुगीचा. पोट दोन्ही बाजूंनी ताणलेले, बोटाने हलकेच टिचकी मारली तर ढोलासारखे वाजणारे, प्राणी आडवा पडायला तयार नाही, श्वास उथळ. ही घटकाभरही थांबण्याची वेळ नव्हे. अशा प्राण्याला जबरदस्तीने भरवू नये, कारण आत जागाच नसते. ओवा, हिंग, मुलांचे पोटदुखीचे औषध असले काही पाजू नये. रात्र असली तरी डॉक्टरला फोन करावा.

आणि चौथा प्रकार, सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत फसवा : पोट फुगलेले नाही, जुलाब नाहीत, फक्त खाणे बंद आहे. लंघनाचा विचार मनात येतो तो इथेच. इथे करायचे ते नेमके उलटे. त्याचे नेहमीचे दाणेदार खाद्य कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून पातळ करावे आणि सुई नसलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने भरवावे. प्राण्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर नेहमीच्या स्थितीत बसवावे. उताणे कधीही धरू नये. समोरच्या दातांमागे बाजूला मोकळी जागा असते, तिथून सिरिंजचे टोक आत सरकवून अर्धा मिलिलिटर सोडावे, तो चावतो आहे, गिळतो आहे हे पाहावे, मग पुढचा घास. घाई केली तर खाद्य श्वासनलिकेत जाते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे द्यावे. एकूण किती द्यायचे हे वजन पाहून डॉक्टर सांगतात. हे भरवणे म्हणजे उपचार नव्हे, हे ध्यानात असू द्यावे; दवाखान्यात पोहोचेपर्यंत आतडी चालती ठेवण्याची ती तजवीज आहे. वेदना कमी करणारे औषध, शरीरातले पाणी भरून काढणे आणि खाणे बंद का झाले याचा शोध, ही कामे डॉक्टरांची.

ते कारण पोटाबाहेरही असू शकते. गिनीपिगचे सगळे दात, पुढचे आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात. राठ गवत तासन् तास चघळल्यानेच ते झिजतात. मऊ खाद्यावर वाढलेल्या प्राण्याच्या खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढत जाऊन जिभेवर कमानीसारख्या येतात. मग भूक असूनही त्याला गिळता येत नाही. तो खाद्याजवळ येतो, तोंडात घेतो, सोडून देतो. हनुवटी लाळेने ओली राहते. घरच्यांना वाटते पोट बिघडले. पुढचे दात पाहून दाढांचा अंदाज येत नाही, त्यासाठी डॉक्टरांनी दिव्याच्या उपकरणाने तोंडात आतवर पाहावे लागते. मुतखडा, श्वसनाचा संसर्ग, पायाची जखम, सोबत्याचा मृत्यू, मे महिन्याचा उकाडा, यांतल्या कशानेही त्याचे खाणे सुटते आणि खाणे सुटले की दुखणे पोटात उतरते. मादी असेल तर आणखी एक शक्यता. दुकानात 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघणे मुळीच विरळा नाही. गाभण मादीने शेवटच्या आठवड्यांत खाणे सोडले, तर तिला विषबाधेसारखा गंभीर विकार होतो. तिथे तासांचा हिशेब करावा लागतो.

इतके सांगून झाल्यावर औषधाच्या कपाटाकडे वळायला हवे, कारण लंघनाखालोखाल घात होतो तो इथे. मुलाच्या गेल्या महिन्यातल्या तापाचे उरलेले अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध कपाटात असते. लहान बाळाला चालते, मग याला दोन थेंब का नकोत, असा सरळ विचार केला जातो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके गिनीपिगच्या उंडुकातले उपकारक सूक्ष्मजीव मारून टाकतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात, त्यांचे विष आतड्यांत पसरते आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. जखमेवर लावलेले मलमही तो चाटतो, म्हणून मलमाच्या बाबतीतही विचारूनच पुढे जावे.

पेनिसिलिनचा इतिहास या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचण्यात आले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही मेलेले होते, औषध मिळालेले जिवंत होते. त्या पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर औषध देऊनही ते मेले असते आणि हे द्रव्य विषारी म्हणून कदाचित बाजूला पडले असते. पेनिसिलिन गिनीपिगला मारक ठरते हे तीन वर्षांनी, १९४३ मध्ये, प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतल्या मुक्या जिवांनी भोगलेल्या यातनांतून मिळालेले हे ज्ञान आहे. निदान त्याच जातीच्या घरातल्या प्राण्याला तरी त्याचा लाभ व्हावा. गिनीपिगला चालणारी प्रतिजैविके आहेत. डॉक्टर ती देतात आणि वजनावर मात्रा ठरवतात. माणसाचे जुलाब थांबवणारी गोळीही देऊ नये. दही, ताक, दूध यांचा त्याच्या आहाराशी संबंध नाही, तेव्हा दहीभात हा उपायही आपल्यापुरताच ठेवावा.

बिघाड होऊच नये यासाठी करायचे ते सोपे आहे, फक्त दुकानदाराच्या सल्ल्याशी ते जुळत नाही. काचेच्या बरणीतले लाल-हिरवे-पिवळे मिश्रण, त्यात मका, सूर्यफुलाच्या बिया, हरभरे, वाळवलेली फळे, हे प्राण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी बनवलेले असते. पिष्ट आणि साखर जास्त, तंतू कमी. उंडुकातला समतोल बिघडवायला एवढे पुरे. गिनीपिगच्या ताटात चार भाग सुके गवत असावे आणि उरलेल्या एका भागात पाला व थोडे दाणेदार खाद्य. बाजारात टिमोथी नावाचे परदेशी गवत पुड्यांत मिळते, पण ते महाग पडते. वैरणवाल्याकडचे मारवेल किंवा पवन्या जातीचे, फवारणी नसलेले, हिरवट झाक आणि सुवास टिकून असलेले वाळके गवत चालते. भाताचा पेंढा अंथरायला ठीक. त्यावर त्याचे पोषण होत नाही. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला द्यावा, मोठ्यांना नको, कारण त्यातल्या चुन्याने खडे होतात. कोवळी हिरवी ज्वारी तर मुळीच देऊ नये. ती गुरांनाही बाधते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

दाण्यांवर ठेवलेल्या गिनीपिगचे काय होते, याची एक जुनी नोंद आहे. १९०७ मध्ये नॉर्वेच्या राजधानीत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे संशोधक खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या विकाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसते धान्य आणि पाव खाऊ घातले. झाला तो स्कर्व्ही. हिरड्या सुजल्या, सांधे दुखू लागले, हाडे ठिसूळ झाली. ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला की ते सुधारत. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज बाहेरून मिळावे लागते, हे या प्रयोगातून उलगडत गेले. भिजवलेले हरभरे, कुरमुरे आणि पोळीच्या तुकड्यांवर गिनीपिग पोसणारे घर नकळत तोच प्रयोग पुन्हा करत असते. क जीवनसत्त्व तुटले की दोन-तीन आठवड्यांत तो लंगडू लागतो, भूक मंदावते, जुलाब होतात. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम त्याला पुरते. ढोबळी मिरचीचा अंगठ्याएवढा तुकडा, मूठभर कोथिंबीर, आठवड्यातून एक-दोनदा बिया काढलेल्या पेरूची एक लहान फोड, एवढ्यात हे भागते. पाण्याच्या बाटलीत जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याची पद्धत निरुपयोगी, कारण उजेडात आणि पाण्यात ते लवकर नासते, शिवाय चव बदलल्याने तो पाणी कमी पितो. कोबी आणि फ्लॉवर जपून द्यावेत, वायू होतो. पालक रोज नको.

कांदा, लसूण आणि बटाटा हे तिन्ही गिनीपिगला अपायकारक आहेत. वाचकांपैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात त्यांचा शिरकावच नाही, तेव्हा भाजीच्या सालींबरोबर ते चुकून पिंजऱ्यात जाण्याची भीती तिथे नसते. याच घरांत दुसरी एक अडचण मात्र येते. पर्युषणात किंवा चातुर्मासातल्या तिथींना हिरवी भाजी वर्ज्य असली की ती आणलीच जात नाही, आणि कोथिंबिरीची वाट पाहणाऱ्या प्राण्यासमोर मुले पोहे, चणे, बिस्किटे ठेवतात. नियम ज्याने घेतला त्याचा असतो. पिंजऱ्यातल्या जिवाने काही पच्चक्खाण घेतलेले नाही. ज्यांना त्या दिवसांत घरात भाजी चिरणेही नको असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात. सुके गवत, पाणी, थोडे दाणेदार खाद्य आणि ती गोळी यांवर आठ-दहा दिवस त्याचे उत्तम चालते. पर्व संपल्यावर आनंदाच्या भरात वाडगाभर पाला एकदम समोर ठेवला जातो, तो मात्र टाळावा. पहिल्या दिवशी दोन काड्या, मग चार, असे आठवडाभरात पूर्ववत करावे. उंडुकातल्या सूक्ष्मजीवांना नव्या अन्नाची सवय व्हायला तेवढा अवधी लागतो.

पावसाळ्यातही हाच न्याय. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला उगवलेले कोवळे लुसलुशीत गवत भारा भरून आणले जाते आणि दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात. ओले गवत ढिगात ठेवले की आतून तापते, आंबते. गवत कापण्याच्या यंत्रातून निघालेल्या कातरणांचे तर तासाभरात तसे होऊ लागते. सुके गवत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवले की दमटपणाने बुरशी धरते. ते सुती पिशवीत, जमिनीपासून वर, हवेशीर जागी ठेवावे. कुबट वास आला किंवा धूळ उडाली तर टाकून द्यावे. गवताच्या एका भाऱ्याचे पैसे दवाखान्याच्या एका फेरीपेक्षा कितीतरी कमी असतात.

दवाखान्याचा विचार प्राणी घरी आला त्याच आठवड्यात करावा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला गिनीपिगचा अनुभव असेलच असे नाही. फोन करून स्पष्ट विचारावे : गिनीपिग तपासता का, त्यांचे दात पाहता का, रात्री अडचण आली तर कोठे न्यावे? मुंबईत परळ, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळचे शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळपास राहणाऱ्यांनी तिथेही चौकशी करून ठेवावी. नेताना लेंड्यांची डबी, वजनाची वही आणि घरचे गवत बरोबर घ्यावे. जोडीने राहणारे असतील तर सोबत्यालाही न्यावे. एकटा पडलेला गिनीपिग भेदरतो आणि भेदरलेला खात नाही. घरी दोघांच्या लेंड्या ओळखता याव्यात म्हणून वेगळे करायचे झाल्यास मध्ये जाळी ठेवावी, म्हणजे तो सोबत्याला पाहू शकतो, हुंगू शकतो. दुपारच्या उन्हात दुचाकीवरून बंद डब्यातून नेणे टाळावे. तीस अंशांपुढचा उष्माच त्याला पुरेसा घातक आहे.

औषध लागू पडले की प्रथम लेंड्या येतात, त्या लहान, कडक, वेड्यावाकड्या. आकार नीट व्हायला काही दिवस जातात. तो स्वतःहून गवताची काडी ओढू लागला म्हणजे धोका टळला असे समजून भरवणे एकदम थांबवू नये. एक-दोन काड्यांनी त्याचे पोट भरत नाही. रोज एकाच वेळी वजन करावे. आकडा सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिला किंवा वाढला, की सिरिंजची एक एक पाळी कमी करत जावे. पाला सर्वांत शेवटी, आणि तोही एका वेळी एकच; कोथिंबिरीच्या दोन काड्या दिल्यावर दुसऱ्या दिवशीच्या लेंड्या पाहाव्यात, मग पुढची भाजी.